माप परत घ्या

बिबवेवाडीहून रास्ता पेठेत यायला
पिशवीला पाऊण तास लागला.
सोपान हेल्मेट न काढताच म्हणाला,
अर्जंट आहे, शनिवारी बसवायचंय.
त्यांचं सगळंच शनिवारी बसवायचं असतं.

चिठ्ठीवर तांबोळी यास्मिन, वय बावन्न,
खालची उजवीकडली सहावी, शेड ए थ्री.
बाकी बाईंबद्दल जे कळायचं ते ट्रेमध्ये.
निळ्या रबरात सगळं उलटं असतं,
दात तिथं खड्डा, फट तिथं भिंत.
पंचवीस वर्षं मी माणसं अशीच वाचतो,
शिवणीच्या बाजूनं.

पुढच्या दातांना वर-खाली एकाच जागी खाच.
दोरा दातानं तोडतात. शिवणकाम असणार.
डावीकडच्या दाढा झिजून सपाट,
म्हणजे उजवीनं चावणं कधीच सोडलंय.

मग भिंग घेतलं.
जिथं कोरलेला दात संपतो
आणि न कोरलेला सुरू होतो, ती रेघ
दिव्याखाली फिरवत गेलो.
गालाकडून स्वच्छ. मागून स्वच्छ.
जिभेच्या बाजूला आली
आणि गेली.
बुडबुडा.
मोहरीएवढासुद्धा नाही, खसखस म्हणा.

हिरडीत दोरा नीट बसला नसेल,
लाळ आली असेल,
किंवा चौथ्या मिनिटाला बाईंनी उबळ दाबली असेल.
मी तिथं नसतो.
मी कधीच तिथं नसतो.

खसखशीएवढी रेघ मला अंदाजानं काढता येते.
हात बसलाय.
तीच तर भानगड आहे.

एकदा काढली होती.
बुधवार पेठेतल्या बँडमधल्या खुड्यांचा पुढचा दात.
लग्नसराई, डॉक्टर घाईत, मीही घाईत,
ओढला गेलेला ठसा मनानंच पुरा केला.
दिसायला झकास.
दहा दिवसांनी खुडे स्वतः जिना चढून आले,
तांबडा कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
काखेत कॉर्नेट.
भांडले नाहीत. म्हणाले, ऐका.
खालचे सूर सरळ गेले.
वर चढताना ओठ दाबला
की कॅप केसभर हलायची
आणि तिच्याबरोबर सूर.
इतका थोडा, की वरातीत कुणाला कळला नसता.
"मला कळतो ना," म्हणाले,
आणि कोटाच्या बाहीनं कॉर्नेटचं तोंड पुसलं.

मी फोन लावला. मॅडम, माप परत घ्या.
पलीकडे शांतता,
तिच्यात थुंकी ओढणारी नळी घुरघुरत होती.
अहो, धनकवडीहून दोन बस बदलून येतात त्या.
तुम्हीच जरा ॲडजस्ट करा ना.
करतो की, म्हटलं.
पण मग तो दात माझा होईल,
बाईंचा नाही.

फोन आपटला गेला. निदान तसा वाटला.

मंगळवारी दुसरा ट्रे आला.
या वेळी दोन दोरे घातलेत, दिसतं.
कोरडं करून घेतलंय.
पुरती पाच मिनिटं कुणीतरी घड्याळाकडे बघत
ट्रे धरून उभं राहिलंय, बोट न हलवता,
आणि एका झटक्यात काढलंय.
रेघ निघाली ती सगळी फिरून
स्वतःला येऊन मिळाली.

मी पाणी मोजलं, प्लास्टर मोजलं,
मशीनच्या थरथरीवर ट्रे तिरका धरला
आणि एकाच कोपऱ्यातून
थेंबाथेंबानं सोडत राहिलो,
हवेला पळायला वाट ठेवून.

शनिवार गेला. फोन नाही.
सोमवार गेला.
आमच्यात यालाच शाबासकी म्हणतात.

कॅपच्या डबीत एक चिठ्ठी टाकली होती मॅडमसाठी,
ती त्यांनी वाचली की नाही कोण जाणे.
बाईंना म्हणावं,
दोऱ्याला कात्री वापरा.